गिरणीतले पाळणे

डिलाईल रोड, मुंबई
१३ जानेवारी १९५७

ललिताच्या बाबांना बकुळाचा जयभीम.

तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, त्यामुळे पत्राच्या डोक्यावर काय लिहावं ते कळेना. शेवटी हेच लिहिलं. लेकरू गेलं म्हणून तुम्ही तिचे बाबा राहत नाही असं होत नाही.

दिवाळीत आत्याबाईंना घेऊन गावी गेलात, त्यानंतर पोचल्याचं कार्डसुद्धा नाही. गोदीतले आपल्या गावचे अप्पा मागच्या आठवड्यात जाऊन आले. त्यांच्याकडून कळलं की दोघं बरे आहात, घर शाकारलंत आणि आत्याबाईंना डोळ्यांनी कमी दिसायला लागलंय.

तुमच्या रिंगखात्यात माणसं लावणारा जॉबर गेटवर भेटला होता. "नवरा येणार की नाही ते एकदा सांग, त्याच्या जागी घ्यायला बदलीवाले दारात उभे आहेत," म्हणाला. मी म्हटलं, येतील, आईची तब्येत बरी नाही. हे खरं की खोटं ते तुम्हीच कळवा.

माझं पाळणाघरातलं काम चालू आहे. सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंगच्या बायका सकाळच्या पाळीला येताना लेकरं आमच्याकडे टाकतात, मधल्या वेळी येऊन अंगावर पाजून जातात. दूध पाजायला, खेळवायला दुसऱ्या दोन आया आहेत. माझ्याकडे लंगोट धुणं आणि फरशी. का ते तुम्हाला माहीत आहे. डिसेंबरात इथल्या आपल्या सगळ्यांबरोबर मीही दादरला दीक्षा घेतली, पण त्यामुळे त्या बायकांना माझे हात काही वेगळे दिसायला लागले नाहीत. नर्सबाई वासंतीबाई गिरगावच्या, चांगल्या घरातल्या. त्या म्हणतात, "बकुळाबाई, जरा दमानं घ्या, होईल." मी दमानंच घेते.

जाताना दारात तुम्ही म्हणालात, "आई काय वैरीण होती का तिची? मलासुद्धा तिनं बाळगोळी देऊनच वाढवलं." ललिताला खोकला होता. खोकणारं मूल पाळणाघरात घ्यायचं नाही असा नियम, मग ते आयाचं का असेना. म्हणून तिला घरी ठेवून गेले. आत्याबाईंनी ती निजावी म्हणून गोळी उगाळून दिली. चाळीत सगळ्याच देतात. त्यांच्या हातून अफू जास्त गेली. एवढंच झालं. हे एवढं लिहायला मला श्रावणापासून आजपर्यंत वेळ लागला.

मी म्हटलं होतं, तुमच्या आईच्या हातचं खाणार नाही. तुम्ही म्हणालात, आई राहील तिथं मी राहीन. दोघंही आपापल्या शब्दाला धरून बसलो आहोत. कुणीतरी सोडायला पाहिजे. मला अजून जमत नाही, ते खरं सांगते. पण तुम्ही एकटे आलात तर खोली आहे, काम आहे.

मी बरी आहे. जेवते.

बकुळा


डिलाईल रोड
२८ जुलै १९५७

ललिताच्या बाबांना जयभीम.

तिकडे फ्ल्यूची साथ पोचली का? इथं तापानं गिरण्या अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या. आपल्या चाळीत एक घर सुटलं नाही. मी कशी सुटले कोण जाणे.

आमच्या दोन्ही आया एकाच दिवशी पडल्या, पाठोपाठ वासंतीबाई. सोमवारी मी एकटी आणि सगळे पाळणे भरलेले. कामावर गेलं नाही तर पगार जातो, म्हणून अंगात कसकस असतानाही बायका आल्या होत्या. लेबर ऑफिसरकडे निरोप धाडला तर ते स्वतःच घरी. मग मला सुचेल तसं करत गेले. कापसाची रिकामी पोती ठेवतात ती अंधारी खोली झाडून घेतली आणि तापाची पोरं तिकडे नेली. पाळणे पुरेनात तर खांबाला लुगडी बांधून झोळ्या केल्या. दूधवाला आलाच नाही, तेव्हा मोठ्या पोरांना पेज केली, लहानांना आई पाजायला येईपर्यंत चमच्यानं उकळलेलं पाणी.

सुभद्रा म्हणून साताऱ्याकडची एक बाई आहे, वाइंडिंगला. तिची बेबी चार महिन्यांची. मधल्या सुट्टीत ती पाजायला आली, पण तापानं तिचं दूध आटलेलं. पोर तोंड लावी आणि किंचाळी. मी पाण्याची वाटी नि चमचा पुढं केला.

"तू नगं," ती म्हणाली. "नर्सबाईला बोलाव."

"नर्सबाई तापात आहे. मी आहे, नाहीतर कुणी नाही."

ती तशीच उभी राहिली. बाहेर मुकादम हाका मारत होता. शेवटी म्हणाली, "हात धू मग."

"धुतलेत. तू बघत असताना परत धुते."

धुतले. तिनं बेबी माझ्याकडे दिली आणि न बघता गेली. बेबी ललितापेक्षा हलकी आहे. उचलल्या उचलल्या हातांना ते कळलं.

आमच्याकडचं एकही लेकरू दगावलं नाही. वासंतीबाई बऱ्या होऊन आल्या, झोळ्या बघून हसल्या आणि मला पारा बघायला शिकवला. ताप कुठल्या रेघेपर्यंत चालतो आणि कुठं डॉक्टरला बोलवायचं ते आता मला कळतं. साथ सरल्यावर आया परत आल्या आणि माझ्याकडे परत लंगोट आले. पण सुभद्रा मला बकुळा म्हणून हाक मारते. आधी "ए बाई" म्हणायची.

तुमच्या जागेवर जॉबरनं दुसरा घेतला. तरी तुम्ही आलात तर कुठंतरी बदलीवर लागाल. अप्पांबरोबर मीठ लावलेले बोंबील पाठवले आहेत, आत्याबाईंना आवडतात.

बकुळा


डिलाईल रोड
२३ फेब्रुवारी १९५८

ललिताच्या बाबांना जयभीम.

बोंबील पोचल्याचं अप्पांनी सांगितलं. तुम्ही काही सांगितलं नाहीत.

इथं वाइंडिंगला नवी मशीनं आली आहेत. चौघींचं काम एक बाई करते. सुभद्राचे हात चलाख, तिनं पंधरवड्यात शिकून घेतलं. ज्या वयानं मोठ्या आहेत, ज्यांची बोटं जुन्या मशीनला बसलेली, त्यांना एकेक करून हिशेब देऊन घरी बसवतात. कायद्यानं पन्नासाच्या वर बायका कामाला असतील तरच गिरणीला पाळणाघर ठेवावं लागतं. आता सगळ्यांचं लक्ष त्या आकड्यावर आहे.

वासंतीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पाहा, बकुळाबाई, काळ बदलतोय. जुळवून घेता आलं पाहिजे. जे जे शिकता येईल ते शिकून ठेवा, म्हणजे कुठंही अडायचं नाही." म्हणून मी शिकते आहे. पोरांची वजनं करते, कुठलं औषध किती ते पाठ केलंय, बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं ओळखते. लंगोट धुऊन झाले की तासभर त्या शिकवतात. मन लागतं. खरं तर आनंदच होतो, हे तुम्हाला सांगायला संकोच वाटत होता.

गेटमीटिंग झाली तेव्हा आम्ही पाचसहा जणी पुढाऱ्याकडे गेलो. सुभद्रानं तोंड उघडलं, "सायेब, बायका कमी करत्यात, पाळणाघर बंद पडंल. आमी पोरं कुठं टाकायची?"

ते म्हणाले, "बाई, आधी राज्य मिळू दे. मुंबई आपली झाली की पाळणेही आपलेच आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. राज्य मलाही हवंच आहे. गेल्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडले, लालबागपासून चालत गेले. पण मशीनं राज्याच्या आधी आली, त्याला काय करायचं, हे विचारायचं राहून गेलं.

तुम्ही गावी काय करता? अप्पा नीट सांगत नाहीत. विचारलं की तंबाखू मळत बसतात.

बकुळा


डिलाईल रोड
३० जून १९५८

ललिताच्या बाबांना जयभीम.

पाळणाघर बंद झालं.

बायका पन्नासाच्या खाली आल्या आणि पुढच्याच आठवड्यात नोटीस लागली. शनिवारी सुतार आला, त्यानं पाळण्याच्या कड्या काढल्या आणि पाळणे एकावर एक रचून ठेवले. शेवटच्या दिवशी सुभद्राला बेबी न्यायला उशीर झाला तेव्हा मी तिला जमिनीवर पोत्यावर ठेवलं होतं. ती टाळ्या वाजवत होती. तिला मजा वाटली.

वासंतीबाईंना गिरगावात एका प्रसूतिगृहात जागा मिळाली. त्या मला म्हणाल्या होत्या, "मी तुमच्यासाठी शब्द टाकते. इतकं शिकलात, वाया नाही जाऊ द्यायचं." मी चांगलं लुगडं नेसून गेले. त्या जिन्यातच भेटल्या. म्हणाल्या, "कमिटीतल्या बाई जुन्या वळणाच्या आहेत हो. तिथं बाळंतिणींचं खाणंपिणं असतं, स्वयंपाकघर लागून आहे... मी पुष्कळ सांगितलं." त्यांचा चेहरा लाल झाला होता. मीच म्हटलं, असू दे बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मग त्यांनी मला चहा घेऊन जायला सांगितलं आणि चहा कुठं द्यायचा ते त्यांनाही सुचेना, मलाही. मी निघाले.

गिरणीत झाडूखात्यात जागा आहे, लेबर ऑफिसर लगेच घेतो म्हणाला. तुमच्या लोकांना ते काम जमतं, म्हणाला. वजनं करणाऱ्या हातात झाडू घ्यायला मन होत नाही. मी नाही म्हणून आले. रागावू नका, आधीच मी एकटीच रागावलेली पुरे.

सध्या खोलीवर चार लेकरं सांभाळते. बायका जमेल ते देतात. बेबीला सुभद्रानं गावी तिच्या आईकडे धाडलं.

पावसाळ्यात तरी या.

बकुळा


डिलाईल रोड
१६ नोव्हेंबर १९५८

ललिताच्या बाबांना जयभीम.

आत्याबाई पोचल्या.

अप्पांनी त्यांना जिन्यापर्यंत आणलं आणि वर न येता खालूनच सांगितलं, "रामदासनं घर मांडलंय तिकडं. नव्या बाईचं नि म्हातारीचं पटत नाय. डोळंबी गेलं तिचं. इथं इस्पितळ आहे म्हणून धाडलीय." आणि ते गेले. त्या भिंतीला हात लावत वर आल्या. दारात उभ्या राहून आपलं नाव सांगितलं, "मी हाय गो, जाईबाय." जशी काही मी ओळखणार नव्हते.

खोली सासऱ्यांच्या मागे आत्याबाईंच्या नावावर आहे. मी त्यांना ये म्हणणारी कोण आणि जा म्हणणारी कोण? आत घेतलं.

तुमच्या घराबद्दल अप्पांकडून कळायला नको होतं. तुम्ही लिहिलं असतंत तर मी काय केलं असतं? काहीच नाही. तरी लिहायला हवं होतं.

बकुळा


डिलाईल रोड
१६ ऑगस्ट १९५९

ललिताच्या बाबांना जयभीम.

तुमच्या आईचं कळवायला हवं म्हणून लिहिते. परळच्या इस्पितळात डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलं. एका डोळ्याला उजेड कळतो, दुसऱ्याला तोही नाही. बाकी प्रकृती ठीक. भाकरी कुस्करून दिली तर खातात.

सुरुवातीला आम्ही एका खोलीत दोन परक्या बायका असल्यासारख्या राहिलो. मी ताट वाढून समोर सरकवत असे, त्या चाचपडत. त्यांच्या हातचं खाणार नाही म्हटलं होतं मी, आता तो प्रश्नच उरला नव्हता. त्या माझ्याच हातचं खायच्या. लेकरं खोलीत असली की त्या भिंतीकडे तोंड करून बसत, दोन्ही हात पदराखाली. कधी कुठल्या पोराला बोट लावलं नाही. एकदा मी नळावर होते तेव्हा एक पोर पालथं पडून रडायला लागलं. त्या चाळभर ऐकू जाईल असं ओरडत होत्या, "बकुळे, ये गो, पोर रडतंय! ये गो लवकर!" हातभर अंतरावर पोर होतं. उचललं नाही. मी धावत आले, उचललं, आणि पहिल्यांदा मला त्यांची कीव आली. आधी येत नव्हती.

लेकरं कमी होत गेली. बायकाच कामावरून गेल्या तर लेकरं कुठली येणार? शेवटी सुभद्राची धाकटी तेवढी राहिली. ती मे महिन्यात झाली आणि दोन महिन्यांची होताच सुभद्रा कामावर हजर, नाहीतर तिचं मशीन दुसरीला गेलं असतं. एका पोरावर दोघींचं पोट भरत नाही. मी लेबर ऑफिसरकडे जाऊन झाडू मागून घेतला. जुळवून घ्यायला शिका म्हणाल्या होत्या वासंतीबाई. मी शिकले. दर वेळी पुन्हा शिकायचं असतं आणि दर वेळी आधीपेक्षा कमीत बसायचं असतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही माहीत नसेल.

पण मग धाकटी कुणाकडे ठेवायची? चाळीतल्या ज्या सांभाळतात त्या काय देऊन निजवतात ते मला माहीत. सुभद्रा म्हणाली, "तूच सांग." तिला ललिताचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्या सकाळी मी म्हटलं, "आत्याबाई, मांडी घाला."

"कशाला गो?"

"घाला तर."

त्यांनी घातली. मी धाकटीला मांडीत ठेवलं. त्या हात वर धरून बसल्या, जणू विस्तव ठेवलाय.

"नको गो, बकुळे. माझ्याकडं नको."

"दुसरं कोण आहे? हे इकडे दूध, हा चमचा, हाताला लागेल असा ठेवलाय. रडली तर रडू दे. दुसरं काही द्यायचं नाही."

"न्हाय गो. काय न्हाय."

"भूक लागेल, ओली होईल, म्हणून रडेल. रडून मरत नाही पोर."

हे तोंडातून निघून गेलं. त्यांनी हात हळूहळू खाली आणले आणि पोराच्या अंगावर ठेवले.

त्या दिवशी मी खातं कसं झाडलं मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत धावत आले. त्या होत्या तशाच बसल्या होत्या, सकाळपासून मांडी मोडली नव्हती. पायांना मुंग्या येऊन पाय बधिर झालेले, उठवेना. धाकटी जागी होती आणि त्यांच्या गळ्यातला मणी चोखत होती.

तेव्हापासून असं चाललं आहे. तुम्हाला हे कळून काय वाटेल ते मला सांगता येत नाही. मला काय वाटतं तेही नाही.

बकुळा


डिलाईल रोड
९ मे १९६०

रामदास यांस,

तुमचं पत्र मिळालं. साडेतीन वर्षांत पहिलं. त्यात ललिताचं नाव नाही, माझी चौकशी नाही, म्हणून मीही आता नुसतं नाव लिहिते.

तुम्ही लिहिता, राज्य झालं, आता आपल्या माणसांना मुंबईत कामं मिळतील, तेव्हा बायकोला घेऊन येतो, खोली आमच्या घराण्याची आहे, तुझी सोय तू बघ. वाचून दाखवलं आत्याबाईंना. तुम्ही त्यांच्यासाठीच लिहिलं नव्हतं, पण खोली त्यांची आहे.

राज्य झालं ते आम्हीही पाहिलं. दिवे लागले होते, पेढे वाटले, नाक्यावर रात्रभर ढोल. गिरणीत एवढाच फरक पडला की गेटवर नवा फलक आला. वाइंडिंगला आता बोटावर मोजण्याइतक्या बायका आहेत. कामाचं लिहिता म्हणून सांगते, रिंगखात्यात बदलीवाले आजही दारात उभे असतात, ते सगळे आपलीच माणसं आहेत.

गेल्या मंगळवारची गोष्ट. आपल्या मजल्यावरच्या कांतानं नळावर सुभद्राला ललिताचं सगळं सांगितलं. वाईट मनानं नसेल, बोलण्याच्या ओघात निघालं असेल. मी कामावरून आले तेव्हा सुभद्रा धाकटीला काखेत घेऊन दारात उभी होती.

"तू मला सांगितलं न्हाईस," ती म्हणाली.

"नाही सांगितलं."

"जिनं तुजी मारली तिच्याकडं माजी ठेवलीस?"

"दहा महिने ठेवली. काही झालं का तिला? अंगानं बघ कशी आहे."

"झालं न्हाई ते माजं नशीब."

"सुभद्रा, म्हातारी देणार नाही काही. कधीच देणार नाही. दुसऱ्या देतील. हिचं मी सांगते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुज्या तोंडानं सांगतीस तू हे?"

"माझ्याच तोंडानं सांगते. माझ्याइतकं कुणाला माहीत?"

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, देईल परत. पण ती म्हणाली, "तू घरात असतीस तर ठेवली असती, बकुळा. आता मशीनवर मन लागायचं न्हाई. हात सापडंल कुठंतरी." तेही खरंच होतं. ती गेली. धाकटी तिच्या खांद्यावरून आत बघत हात हलवत होती, म्हातारीला. म्हातारीला ते दिसत नव्हतं.

आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. मी चूल पेटवली, भाकरी टाकली. मग त्या म्हणाल्या, "खरं बोलली ती."

मी भाकरी उलटली.

"मला वाटलं, निजली," त्या म्हणाल्या. "रोज किती रडायची गो. त्या दिवशी म्हटलं, गुणाची हाय, गप निजली. पदर घातला तिच्यावर. तू आलीस तवा मी तुला म्हटलं पण, हळू बोल, निजलीय."

हे मला आठवत होतं. त्या तसं म्हणाल्या होत्या आणि मी हळू बोलले होते. हातपाय धुतले, पाणी प्यायले, मग पाळण्याकडे गेले. तुम्ही दुसऱ्या पाळीला होतात. तुम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. आज सांगते.

आम्ही दोघी जेवलो. त्यांना मी भरवलं.

धाकटीला सुभद्रानं तिसऱ्या माळ्यावरच्या एका बाईकडे ठेवलंय. परवा मधल्या सुट्टीत वर जाऊन बघून आले. भर दुपारी निजली होती. डोळ्यांवर माश्या बसत होत्या आणि पापणी हलत नव्हती. मी त्या बाईला म्हटलं, हिला उठवा. ती म्हणाली, "उठवायची कशाला? चार पोरं आहेत माझ्याकडे." मी पोराला घेऊन बसले, गालाला पाणी लावत राहिले, तेव्हा एकदा डोळे उघडले. भोंगा झाला, मला जावं लागलं. सुभद्राला सांगितलं. ती म्हणाली, सगळ्यांचीच निजत्यात. तिच्याजवळ दुसरा इलाज नाही, माझ्याजवळही नाही. मी रोज सुट्टीला वर जाते. त्या बाईला ते आवडत नाही.

आता खोलीचं. तुम्ही येणार, हे मला माहीत आहे. तुम्ही आलात की कायद्यानं, चाळीनं, सगळ्यांनी तुमच्याच बाजूनं बोलायचं. मला त्याचं नवल नाही. वडाळ्याकडे मिठागराच्या बाजूला लोकांनी झोपड्या घातल्या आहेत, तिथं जागा बघून ठेवली आहे. पावसाच्या आधी पत्रा टाकता आला तर बरं, नाहीतर टरपालीन. आत्याबाईंना म्हटलं, मुलगा येतोय, तुम्ही त्याच्याजवळ राहा, तुमची खोली आहे. त्या म्हणाल्या, "आणि तू?" मी सांगितलं. त्यावर त्या उठल्या, चाचपडत फळीपर्यंत गेल्या, तुमचं पत्र शोधून काढलं आणि हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "लिही त्याला. मी सांगते तसं लिही. तुझं काय घालू नको."

तेव्हा पुढचं सगळं त्यांचं आहे. मी फक्त लिहिते.

रामदासास आशीर्वाद. मी बरी आहे. उजव्या डोळ्याला उजेड कळतो. पोटाला मिळतं. खोली माझ्या नावावर हाय आणि मी जित्ती हाय. तुझी बायको तिकडंच नांदव. शेत कर. इकडं तुझं कोण न्हाय. येऊ नको.

हे शेवटचं परत लिही म्हणाल्या. मी म्हटलं, लिहिलंय. तरी परत लिही म्हणाल्या.

येऊ नको.